नेपल्सच्या संग्रहालयात तेरची बहीण भेटली

इटलीला जायचं ठरलं तेव्हा लेकीनं रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी गावांची यादी पाठवली. मी तिला एकच गाव वाढवून मागितलं, नेपल्स. "तिथं काय आहे गं आई? पिझ्झा?" तिनं विचारलं. धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या आणि लहानपणापासून तिथल्याच तेर या जुन्या गावी जात आलेल्या माणसाचं नेपल्समध्ये एक काम असतं, एवढंच तिला सांगितलं. बाकीचं रेल्वेत बसल्यावर.

ऑक्टोबर १९३८ मध्ये नेपल्सजवळच्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या उत्खननात अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञांना एका घरात हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली. जेमतेम पाव मीटर उंचीची. व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं हे शहर इ.स. ७९ मध्ये गाडलं, म्हणजे त्या वर्षाच्या आधीच ती इथून तिथं पोचलेली होती. इतकी पक्की तारीख आपल्याकडच्या फार थोड्या प्राचीन वस्तूंना मिळते. शोधणाऱ्यांनी तिला लक्ष्मी म्हटलं, आणि 'पॉम्पेईची लक्ष्मी' हेच नाव रूढ झालं. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी, म्हणजे झाडाझुडपांशी जोडलेली लोकदेवता, मानतात. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती भारतात दोन ठिकाणी मिळाल्या आहेत, एक आमच्या तेरला आणि दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. दोन्ही गावं मराठवाड्यातली. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. तेरच्या संग्रहालयात मोठेपणी गेले तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून ही तिसरी पाहायचीच हे डोक्यात होतं.

नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय गाठणं सोपं आहे. मेट्रोच्या स्टेशनाचं नावच 'म्युझेओ'. जाणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. आत शिरल्या शिरल्या फार्नेझे घराण्याच्या संग्रहातले प्रचंड संगमरवरी पुतळे लागतात. सोट्यावर रेललेल्या दमलेल्या हर्क्युलिससमोर आमचे हे बराच वेळ उभे राहिले. मी मात्र जिन्याकडे निघाले.

आपली मूर्ती मधल्या मजल्यावर आहे, 'गुप्त दालना'त. या दालनाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. पॉम्पेई आणि त्याच्यासारखंच गाडलं गेलेलं शेजारचं हर्क्युलेनियम इथून शृंगारिक चित्रं, मूर्ती, ताईत असं पुष्कळ काही निघालं. १८१९ मध्ये तिथला युवराज बायको-मुलीसह संग्रहालय पाहायला आला, आणि हे सगळं एका खोलीत कुलपात ठेवायचा हुकूम निघाला. पुढं सरकारं बदलली तशी खोली कधी उघडली, कधी बंद झाली. सर्वांसाठी ती नीट खुली झाली २००० साली. दाराशी हे जरा घुटमळले. लेक बरोबर होती ना. तीच म्हणाली, "बाबा, चला की, इथं सगळेच बघायला आलेत."

आणि तिथं, काचेच्या पेटीत, ती उभी होती.

मी पुस्तकातले फोटो पाहिलेले होते, पण फोटोत तिचा रंग येत नाही. हस्तिदंत पिवळसर तपकिरी पडला आहे आणि त्यात उभ्या बारीक भेगा गेल्या आहेत. एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकून ती निवांत उभी आहे. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण दागिन्यांना तोटा नाही. कमरेला रुंद मेखला. गळ्यातला हार छातीवरून खाली आलेला. पायांत एकावर एक चढवलेले वाळे थेट पोटरीपर्यंत. हातांतल्या बांगड्याही अशाच एकीला एक खेटून वर चढलेल्या, आपल्याकडच्या लमाण तांड्यावरच्या बायांच्या असतात तशा. दोन्ही बाजूंना दोन लहान दासी, हातांत प्रसाधनाची भांडी घेऊन. पेटीला वळसा घालून मागं गेले तर पाठीवर लांब वेणी. जिनं कोरली, किंवा ज्यानं कोरली, त्यानं पाठीलाही पुढच्याइतकाच वेळ दिला आहे. म्हणजे ही भिंतीला टेकवून ठेवायची वस्तू नव्हती, हातात घेऊन फिरवून बघायची होती. डोक्यावरून आत एक भोक पाडलेलं आहे. त्यावरून काहींना वाटतं की ती आरशाची मूठ असावी, काहींना वाटतं एखाद्या छोट्या तिवईचा पाय. मला आरसा पटतो. दासींच्या हातांत प्रसाधनाची भांडी आहेत, मग वर आरसाच शोभेल.

एका गोष्टीनं मात्र मी तिथं अस्वस्थ झाले. हिला या खोलीत ठेवण्याचं कारण काय, तर अंगावर कपडे नाहीत. पण सांचीच्या तोरणावर अशीच यक्षी झाडाची फांदी धरून उभी आहे, स्तूपाच्या दारात, भिक्खू, व्यापारी, बायका-मुलं यांच्या डोळ्यांसमोर. आपल्या पूर्वजांच्या लेखी ती भरभराटीची खूण होती. तेरलाही तिची बहीण आडपडद्यात ठेवायची कुणाला गरज वाटली नाही. पॉम्पेईच्या त्या घरमालकानं तिला कोणत्या नजरेनं पाहिलं ते सोडा, पण आज तिची जागा मुख्य दालनात, व्यापाराच्या वस्तूंमध्ये असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

कारण ती आली व्यापारातूनच. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासी टिपण आहे. त्यात दक्षिणेकडच्या बाजारपेठांत दोन शहरं सर्वांत महत्त्वाची म्हटली आहेत, पैठण आणि तगर. पैठण गुजरातेतल्या भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून ऑनिक्स जातीचे दगड, म्हणजे आपल्या अकीकाच्या कुळातले. तगरहून पुष्कळ साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात उतरायचा. ते तगर म्हणजेच आपलं तेर, हे प्राचीन लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं आणि आता ते सर्वमान्य आहे. भडोचहून पुढं मोसमी वाऱ्यावर जहाजं लाल समुद्रात, तिथून उंटांवरून नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रिया, आणि तिथून भूमध्य समुद्र ओलांडून इटली.

या व्यापारावर रोममध्ये चिडलेला एक माणूस होता, रोमन लेखक थोरला प्लिनी. भारत दर वर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. हाच प्लिनी नेपल्सजवळच्या मिसेनम इथं आरमाराचा प्रमुख होता. व्हेसुव्हियस फुटला तेव्हा लोकांना वाचवायला जहाजं घेऊन निघाला आणि किनाऱ्यावरच त्याचा अंत झाला. ज्या स्फोटानं आपली पुतळी राखेखाली गाडली, त्याच स्फोटानं भारताकडे जाणाऱ्या पैशाचा हिशेब मांडणारा माणूसही नेला. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे तो ओरडत होता ते आपल्यामुळं?" निदान काही अंशी तरी, हो.

आता ही पुतळी तेरलाच कोरली असं छातीठोकपणे म्हणता येईल का? माझं मन म्हणतं हो, पण पुरावा सरळ नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंती कामाचा मोठा साठा सापडला, त्यामुळं काहींचा कल तिकडं आहे. सांचीच्या एका तोरणावरचं कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचा लेख तिथंच कोरलेला आहे, म्हणजे मध्य भारतातही हे कसब होतं. पण रूप, दागिने आणि बाजूच्या दासी यांवरून सर्वांत जवळचं साम्य दाखवताना अभ्यासक भोकरदन आणि तेरकडे बोट करतात. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या लोकांनी सांचीला दिलेल्या दानांचे लेख आहेत, तेव्हा या गावांमधली ये-जा उघड आहे. खरोष्ठीचं एक अक्षर एखाद्या व्यापाऱ्याच्या हातूनही उमटलं असेल. मी वकील नाही, पण आपली बाजू दुबळी नाही एवढं नक्की.

वरच्या मजल्यांवर पॉम्पेईच्या घरांतल्या रोजच्या वस्तू पाहताना माझा पाय निघेना. काशाची भांडी, काचेच्या कुप्या, दिवे, वजनकाटे, जळून कोळसा झालेलं धान्य आणि अंजीर. एक गोल पाव आहे, आठ भागांत खाच पाडलेला, राखेत तसाच काळा होऊन राहिलेला. हे पाहताना तेरच्या कपाटांतल्या वस्तू मला पहिल्यांदा नीट कळल्या. तिथं रोमन नाण्यांचा छाप उठवलेली मातीची पदकं आहेत, गळ्यात घालायला कडी असलेली. कुणीतरी तगरमध्ये सम्राटाचा चेहरा मातीत उठवून मिरवत होतं, आणि इकडं पॉम्पेईत कुणीतरी आपल्याकडची यक्षी घरात ठेवत होतं. एकाच काळात.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं पोत्सुओलीला गेलो. हे जुनं पुतेओली, अलेक्झांड्रियाहून येणाऱ्या जहाजांचं मोठं बंदर. गावाच्या मध्यभागी रोमन बाजाराचे अवशेष आहेत. तिथल्या तीन उंच खांबांवर समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेल्या छिद्रांचे पट्टे दिसतात, कारण ही जमीन शतकानुशतकं खचते आणि पुन्हा वर येते. तगरची मलमल इथं उतरली असेल.

घरी आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलं? मी सांगते, आणि मग विचारते, तुम्ही तेर पाहिलंय का? गोरोबाकाकांच्या समाधीला जाणारे पुष्कळ आहेत, त्रिविक्रम मंदिराचं विटांचं जुनं बांधकाम पाहणारे थोडे, आणि संग्रहालयाची पायरी चढणारे त्याहून थोडे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, आणि शेतांत सापडणाऱ्या वस्तू जन्मभर गोळा केल्या नसत्या तर आज आपल्याकडं नेपल्सशी नातं सांगायला फारसं काही उरलं नसतं. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, मराठवाडा म्हणजे मागास, हे ऐकत आम्ही मोठे झालो. तेरणा नदीकाठच्या कापडाचं नाव ज्यांच्या बाजारात घेतलं जात होतं त्यांच्या घरातल्या वस्तू डोळ्यांनी पाहून आल्यावर ते ऐकून घेणं मला जमत नाही. तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशेजारी नेपल्सच्या पुतळीचा मोठा फोटो आणि व्यापारी वाटेचा नकाशा मराठीत लावला, तर कुठल्याही शाळकरी पोराला ते पाच मिनिटांत समजेल.

आमच्या जाऊबाई तेरजवळच्या एका शाळेत शिकवतात. त्यांना मी फोटो पाठवले. नेपल्सच्या संग्रहालयात फ्लॅश न वापरता फोटो काढू देतात. त्यांचा लगेच फोन आला. "ताई, पोरांना घेऊन सोमवारनंतर संग्रहालयात जाते. पण मागच्या वेणीचा फोटो काढलाय का? पोरी तेच विचारतील." काढला होता. तोही पाठवला.