क्रिप्टोकोरायनीचं सर्टिफिकेट काढताना (माझा अनुभव)

एमएस्सीच्या प्रोजेक्टला क्रिप्टोकोरायनी (ओढ्यात पाण्याखाली वाढणारी एक वनस्पती) घेतलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितेय, आणि थोडी मनातली भडास काढायची म्हणूनही. प्रोजेक्टमध्ये वापरलेल्या वनस्पतीचं ऑथेंटिकेशन सर्टिफिकेट लागतं, म्हणजे हर्बेरियम शीट (दाबून वाळवलेली वनस्पती कागदावर चिकटवून) करून द्यायची आणि तिथले लोक नाव पक्कं करून सही-शिक्क्याचा कागद देतात. कॉलेजचं पत्र, एचओडीची सही, फी, ते सगळं होऊन जातं.

अडलं ते फुलावर. गणपतीच्या आधी पुण्यातल्या एका ऑफिसात (नाव घेत नाही) शीट घेऊन गेले, खिडकीतल्या काकांनी वरचा पेपर उचलूनसुद्धा न बघता फॉर्मवरच्या ओळीवर बोट ठेवलं, नमुना फुला-फळासह हवा, नाहीतर इनवर्ड (म्हणजे अर्जाची नोंद) होणार नाही. म्हटलं काका, ही पाण्याखालची आहे, आत्ता ओढ्याला कमरेएवढं पाणी आहे, फूल कुठून आणू? तर म्हणाले, "मग फुलल्यावर या ना."

आणि नियम बरोबर आहे याचाच जास्त राग! आपल्याकडे क्रिप्टोकोरायनीच्या स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस या दोन्ही जाती सापडतात, दोन्हींची पानं अरुंद, गवतासारखी, पाण्यात असताना नुसत्या पानांवरून छातीठोक सांगता येत नाही. पण हे कुणी दोन वाक्यांत समजावलं असतं तर काय बिघडलं असतं? जातीच्या जागी नुसतं 'एसपी.' (म्हणजे जात नक्की नाही) लिहून द्या म्हटलं, तर ते चालत नाही, पूर्ण नावच पाहिजे. पूर्ण नावासाठी फूल पाहिजे. फुलासाठी पाऊस थांबायला पाहिजे. आणि सबमिशन दिवाळी झाली की लगेच. एक्स्टेन्शनचा अर्ज, मॅडमची सही, परत एचओडी, तो व्याप वेगळाच.

अळूच्या कुळातली ही बाई पाऊसभर पाण्यात पानं वाढवत बसते आणि ओढा उतरायला लागला की फुलते. त्यामुळे थंडीत परत माणगावच्या बाजूला गेले. (येताना-जाताना ताम्हिणीत काही उपटू नका, ते अभयारण्य आहे, परवानगी लागते. मी घाट उतरून खाली, ज्यांच्या शेतातून ओढा जातो त्यांना विचारून घेतली.) ओल्या वाळूतून स्पेथचं (फुलांभोवतीच्या नळीसारख्या आवरणाचं) जांभळट, पिळा मारलेलं टोक तेवढं वर दिसतं, खालचा फुगीर भाग वाळूत गाडलेला असतो, ओढलंत की नळी तुटलीच. हाताने वाळू बाजूला करत मुळासकट काढा. एकदोन स्पेथ ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, शीटवर दाबून त्यांचा काळा चपटा तुकडा होतो आणि काही कळत नाही.

लॅबमध्ये ब्लेडने तो फुगा उभा चिरला. तळाशी मादी फुलांचं एकमेकांना चिकटलेलं कडं, वर बारीक उघडा दांडा, त्याच्यावर नर फुलांचा झुबका, आणि एक मेलेलं चिलट. आत शिरलेल्या किड्याला हा फुगा काही काळ अडकवून ठेवतो आणि परागणाचं काम करून घेतो. मादी फुलं सुटी दिसली तर ती लॅजेनॅन्ड्रा, म्हणजे क्रिप्टोकोरायनीच नाही, जवळची दुसरी वनस्पती, तिथेच थांबा.

हो, पाण्यातल्या पानांची शीट करताना ती ट्रेमधल्या पाण्यात तरंगवून खालून कागद सरकवून उचला, बाहेर काढून पसरायला गेलात तर पानं एकमेकांना चिकटतात.

या वेळी काकांनी मुकाट्याने इनवर्ड केलं. आतल्या सरांनी बाटली उजेडात धरली, लांब नळी बघितली (स्पायरॅलिसला ती जवळजवळ नसतेच आणि पाकळीसारख्या भागावर आडव्या कडा असतात), लगेच रेट्रोस्पायरॅलिस म्हणाले. एवढ्यासाठी अख्खा पावसाळा!

सर्टिफिकेट हातात पडलं की खिडकीशीच वाचा. माझ्यावर टाइप करताना 'रेट्रो' गाळलं होतं, म्हणजे सरळ दुसरीच जात, आणि दुरुस्तीसाठी काका म्हणाले नवीन अर्ज करा.