फिलाडेल्फियातील तो उन्हाळा

अमेरिकी राज्यपद्धतीचा अभ्यास मी राष्ट्राध्यक्षापासून सुरू केला होता. पण ती खऱ्या अर्थाने समजू लागली, ती अमेरिकेची राज्यघटना तयार करणाऱ्या १७८७च्या फिलाडेल्फिया परिषदेत तिथले एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी दररोज लिहून ठेवलेली टिपणे वाचताना. त्यापूर्वीच्या, १७८१पासून अमलात असलेल्या व्यवस्थेत काँग्रेसला, म्हणजे मध्यवर्ती विधिमंडळाला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता आणि त्यात दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती लागे, त्यामुळे स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडणेही कठीण झाले होते.

परिषदेला ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. सर्वांत तीव्र वाद प्रतिनिधित्वावर झाला. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, तर डेलावेअरसारख्या लहान राज्यांना समान मत हवे होते. अखेर १६ जुलैला, अवघ्या एका राज्याच्या मताधिक्याने, तडजोड मान्य झाली: काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृह लोकसंख्येनुसार आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मत. आजही एखाद्या राज्याचे सिनेटमधील समान स्थान त्याच्या संमतीवाचून काढून घेता येत नाही.

याच तडजोडीत राज्याची लोकसंख्या मोजताना गुलामांची गणना तीन-पंचमांश (पाच गुलाम म्हणजे तीन माणसे) धरली गेली, हे मात्र मला विसरता येत नाही. ज्यांना मत नव्हते, स्वातंत्र्यही नव्हते, त्यांच्या संख्येवर त्यांच्याच मालकांच्या राज्यांना प्रतिनिधिगृहात आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही अधिक बळ मिळाले. ही तरतूद यादवी युद्धानंतर, १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने संपली.