प्रागला लेकरं घेऊन: पेट्रीनची चढण आणि बुडालेले हजार कोरुना

आधी पैशाचं सांगतो, कारण तो राग अजून उतरलेला नाही. चेक देशाची राजधानी प्राग, तिथल्या जुन्या चौकाजवळ, त्या प्रसिद्ध घड्याळापासून दोन गल्ल्या अलीकडं, मी 200 युरो मोडले. बाहेर पाटी होती, कमिशन शून्य. कोरुना हे तिथलं चलन. त्या दिवशी एका युरोला 25 कोरुनाच्या आसपास भाव होता, माझ्या हातावर 4,000 टेकवले. म्हणजे 20 चा भाव लावला. लातूरच्या आडतीवर सोयाबीनच्या दहा-वीस रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस मी, तिथं हिशोब न करता नोटा खिशात घातल्या आणि लेकरांना आइस्क्रीम आणायला निघालो. हजार कोरुना म्हणजे आपले 3,900 रुपये तरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातल्या मुलीनं सांगितलं की 2019 पासून तिथं कायदाच आहे: 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, कारण न सांगता, उलटा फिरवून मागता येतो. मला तोवर चौदा तास झाले होते. म्हणून पावती घ्या आणि खिडकीपाशी उभं राहूनच भागाकार करा. रस्त्यात कुणी 'जास्त भाव देतो' म्हणाला तर थांबूसुद्धा नका, बल्गेरियाच्या जुन्या नोटा गळ्यात मारतात. एटीएमनं 'रुपयात का कोरुनात' विचारलं की कोरुना. खरं तर जवळपास सगळीकडं कार्ड चालतं. रोख लागली ती शौचालयाला, माणशी 10 ते 20 कोरुना. दोन लेकरं असली की हा खर्च चहापाण्यापेक्षा जास्त होतो.

प्राग का निवडलं? घरात पॅरिसचा हट्ट होता. तिथल्या चौघांच्या खोलीचं भाडं बघितलं आणि विषय संपला. मग बुडापेस्ट, क्राकोव्ह आणि प्राग उरले. तिन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, तिन्हीकडं युरो नाही, तिन्ही खिशाला झेपणारी. प्राग जिंकलं ते दोन कारणांनी. दुबईला एकदा विमान बदललं की थेट पोचता येतं, आणि शहरात 15 वर्षांखालच्या लेकरांना मेट्रो, ट्राम, बस फुकट. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. मे 2025 मध्ये मोठ्यांचं तिकीट 24 तासांचं 120 आणि 72 तासांचं 330 कोरुना होतं. पहिल्यांदा बसताना पिवळ्या यंत्रात एकदाच शिक्का मारायचा. विसरलात तर तिकीट असूनही दंड. विमानतळावरून टॅक्सीची गरज नाही. 59 नंबरची ट्रॉलीबस वेलेस्लावीनच्या मेट्रो स्थानकाला सोडते, पुढं मेट्रोची ए लाइन, सगळं त्याच तिकिटात.

व्हिसाचा अर्ज लेकराचं वय बघून करा. 6 ते 12 च्या आतल्यांना फी 45 युरो, पुढं मोठ्यांसारखे 90. आमच्या थोरलीला 12 पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. दोन आठवडे आधी अर्ज केला असता तर 45 युरो वाचले असते आणि बोटांचे ठसेही द्यावे लागले नसते. बायको अजून ऐकवते.

आता पेट्रीन, म्हणजे शहरातली टेकडी. तिच्यावर 1891 सालचा लोखंडी मनोरा आहे, आयफेलचा धाकटा भाऊ म्हणावा असा. एका व्हिडिओत पाहिलं होतं की वर जायला रुळांवरची गाडी आहे, शहराच्या तिकिटातच नेते. टेकडीच्या पायथ्याच्या ऊयेज्द थांब्याला ट्राममधून उतरलो तर गाडीला कुलूप! दुरुस्तीसाठी सप्टेंबर 2024 पासून बंद होती. मी म्हटलं, देवगिरीचा किल्ला चढलेली लेकरं आहेत, चला. ही माझी दुसरी चूक. चढण तशी अवघड नाही, पण संपतच नाही. वाट वळते, झाडी येते, पुन्हा वळते. त्यात आदल्या दिवशी सगळ्यांनी दगडी फरशांवर दिवसभर पायपीट केलेली. अर्ध्यावर धाकट्यानं बसकण मारली आणि 'मनोरा इथूनच दिसतो की' असं जाहीर केलं. वर पोचल्यावर आणखी 299 पायऱ्या. लिफ्ट आहे, वेगळे पैसे पडतात. द्या. मी दिले नाहीत, तर उतरल्यावर कुणी माझ्याशी बोलेना.

परत येताना कळलं की हे सगळं टाळता आलं असतं. 22 नंबरच्या ट्रामनं पोहोर्जेलेत्सला उतरायचं, स्त्राहोवच्या मठावरून जवळजवळ सपाट वाटेनं मनोऱ्यापाशी यायचं, आणि मग ऊयेज्दकडं चालत उतरायचं. खाली शहर, नदी, लाल कौलं दिसत राहतात. आम्ही ते सगळं पाठीमागं टाकून चढलो. प्रागच्या किल्ल्यालाही 22 नंबरच धरा, खालच्या पायऱ्यांच्या नादी लागू नका.

प्राणिसंग्रहालय, तंत्रज्ञानाचं संग्रहालय, नदीवरची होडी हे दिवस छान गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खाणं: हॉटेलात टेबलावर आपोआप आलेला पाव फुकट नसतो, पाणीही विकतच. बटाट्याचं सूप आणि तळलेलं चीज शाकाहारी माणसाला तारतं. आईनं साजूक तुपाचा डबा आणि पेढे दिले होते, ते मुंबईतच भावाकडं ठेवले. बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. धपाटे तेलात केलेले होते, ते गेले आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पुरले.

माझं मत सरळ आहे. चार रात्री पुरे. लेकरू आठच्या आतलं असेल तर दोन वर्षं थांबा, ते चालणार नाही आणि तुम्हाला चिडचिड होईल. चाकाची बॅग त्या फरशांवर नुसती उड्या मारते, पाठीवरची न्या. चार्ल्स पुलावर सकाळी सातच्या आत जा. दहानंतर तिथं लेकराचा हात सुटला तर शोधत बसाल.

दहा आणि वीस कोरुनाची सात नाणी उरली आहेत, एका डबीत ठेवली आहेत. लातुरातलं कुणी जाणार असेल तर घेऊन जा. शौचालयाला कामी येतील.