आपरेटर, रंग घाल की!

कोल्हापुरातल्या थिएटरात पिक्चर दाखवायचं मशीन चालवणारा आपरेटर मी. आमच्या धंद्यात प्रेक्षक कायम पाठमोरा. केबिनच्या काचेतून दिसतात ती नुसती डोकी, तीही मागून. केबिनमध्ये आवाज येतो तो मॉनिटरच्या स्पीकरमधून, म्हणजे फक्त पिक्चरचा. माणसांचा येतच नाही. तरी इतक्या वर्षांनी डोक्यांवरून सगळं कळतं, अशी माझी समजूत होती. डोकी गदागदा हलली की विनोद लागू पडला, मोबाइलचे उजेड पेटले की पिक्चर पडला. याच हिशोबावर मी मॅनेजरसाहेबांना रिपोर्ट द्यायचो.

७ जुलै २०२२ ला, गुरुवारी, 'थॉर: लव्ह अँड थंडर' हा थॉर नावाच्या देवाचा इंग्रजी पिक्चर लागला. अमेरिकेच्या एक दिवस आधी आपल्याकडं. पहिल्या शोला कॉलेजची पोरं होती, डोकी मस्त हलत होती. खाली येऊन मी सांगून टाकलं, "निवांत राहा साहेब, चालतंय."

रविवारी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. दारावरचा आमचा दोस्त ईदच्या सुट्टीवर, आणि दुसरा पहाटेच नंदवाळच्या दिंडीला गेलेला. दुपारच्या, हिंदीत डब केलेल्या शोला दारावर कोणीच नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही उभं राहा. वर बसून तरी काय करताय? मशीन आपलं आपण चालतंय."

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. रिळं होती तेव्हा दोन मशीनं असायची. वीस मिनिटांचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका यायचा आणि त्या ठिपक्यावर दुसरं मशीन सोडायचं. चुकलं की खालून शिट्ट्या आणि आईबहिणीवरून शिव्या. आता पिक्चर कुलूप लावून हार्ड डिस्कवर येतो, किल्ली मेलवर येते, तीही ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. एकदा यादी लावली की दिवे मंद करण्यापासून सगळं सर्व्हर बघतो. माझ्या हातात कारागिरी उरली ती एकच, मध्यंतर.

इंग्रजी पिक्चरला मध्यंतर नसतं, आपल्याकडं ते घालावं लागतं. ज्यानं पिक्चर काढला त्याच्या डोक्यात समोसा नव्हता, म्हणून मग आम्हीच कुठंतरी सुरी चालवायची. हा पिक्चर ११९ मिनिटांचा. देवांचा राजा झ्यूस, त्याच्या दरबारात राडा करून थॉरची मंडळी निसटतात, तिथं मी कापलं होतं. माझ्या मते जागा उत्तम होती. अजूनही मत तेच आहे.

तर त्या दिवशी मी दाराच्या पडद्याला टेकून उभा राहिलो. हॉल निम्म्याहून जास्त भरलेला, माणसं ओल्या जर्किनांसकट बसलेली. बाहेर पाऊस असा, की पिक्चरपेक्षा पंचगंगेची काळजी जास्त. आणि अंधारात उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं, की वरून ज्या उजेडांना मी कंटाळा म्हणत होतो, त्यातले बरेचसे लोक पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं ते बघत होते. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. आदल्या वर्षीच्या जुलैतला महापूर कोण विसरेल? म्हणजे माझा हिशोब तिथंच निम्मा चुकला.

सुरुवात जबरदस्त आहे. रखरखीत वाळवंटात गॉर नावाच्या बापाच्या कुशीत त्याची पोरगी मरते, तो देवाकडं जातो आणि देव त्यालाच हसतो. क्रिश्चन बेलनं ते असं केलंय की पहिली काही मिनिटं हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. लगेच पुढं थॉर आला, गाणी आली आणि चेष्टा सुरू झाली. ती मग थांबायलाच तयार नाही.

त्यात ती दोन बोकडं. थॉरला बक्षीस मिळतात आणि माणसासारखी किंचाळतात. पहिल्यांदा किंचाळली तेव्हा अख्खा हॉल फुटला, मीपण हसलो. दुसऱ्यांदा पोरं हसली. तिसऱ्यांदा मधल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "आज रविवार असून एकादशी, आणि ह्यो बोकडं दावतोय!" त्यावर जे हसू झालं ते बोकडांच्या वाट्याला आलं नव्हतं. कोल्हापुरात रविवारी तांबडा-पांढरा चुकलेल्या माणसाचं दुःख बाहेरच्याला कळायचं नाही. पुढं दरवेळी बोकड ओरडलं की कोणीतरी "पांढरा!" म्हणायचं, आणि दुसरं कोणीतरी "तांबडा!" वरून बघितलं असतं तर मी रिपोर्ट दिला असता, विनोद जोरात चाललेत. खाली उभा राहून कळत होतं, की माणसांनी आपली करमणूक आपणच करून घ्यायला घेतलीय.

मध्यंतरात कँटीनला गर्दी, पण समोसे तसेच, वेफर्स संपले. लॉबीत मी गणवेशाशिवाय उभा, त्यामुळं लोक मोकळं बोलत होते. एक पोरगा मित्राला सांगत होता, "मागच्या पिक्चरला लोक हसले, म्हणून ह्या खेपेला गुदगुल्याच करत सुटलाय." बरोबर होतं त्याचं. २०१७ चा 'रॅग्नारोक' त्याच दिग्दर्शकाचा, तायका वायटीटीचा. तिथंही चेष्टा होती, पण थॉरचं अख्खं गाव, अ‍ॅसगार्ड, जळतंय हे डोक्यातून जात नव्हतं. चष्मेवाली एक मुलगी मात्र थॉरच्या जुन्या मैत्रिणीवरून, जेनवरून, खरंच चिडली होती. "जेनला शेवटच्या स्टेजचा कॅन्सर आहे, आणि हा थॉर आपल्या कुऱ्हाडीचा रुसवा काढत बसलाय!" तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी तिकडं बघायचं टाळलं.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. गॉरच्या अंधारलोकात पिक्चरमधला सगळा रंग जातो, पडदा काळापांढरा होतो, आणि हत्यारं पेटली तरच कुठं कुठं रंग उजळतो. मुद्दाम केलेलं आहे, आणि फार सुंदर केलेलं आहे. पण माझ्या शेजारच्या खुर्चीतले आजोबा ताडकन उठले. पांढरा सदरा, मोडके कान, जुना पैलवान गडी. केबिनच्या काचेकडं वळून हात वर केला आणि तालमीतल्या आवाजात ओरडले, "ए आपरेटर! झोपलास काय? रंग गेला की! रंग घाल की रं!"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो.

नातू सदरा ओढत होता, "आजोबा, ते तसंच आहे." आजोबा मानायला तयार नाहीत. "तसंच कसं असंल? पैसं रंगीतचं घेतल्यात." कोणीतरी "बसा की हो" म्हटलं तेव्हा बसले. आणि मग एक गंमत झाली. बेल त्या काळ्यापांढऱ्यात बोलायला लागला आणि हॉल गप्प झाला. बंधारा बघायचे सगळे मोबाइल खिशात गेले. आजोबा खुर्चीच्या कडेला येऊन बसले, हनुवटी मुठीवर. याच गावातल्या बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या मूकपटात भीमानं कीचकाला मारलं तेव्हा माणसं बेशुद्ध पडली होती असं सांगतात. तो सगळा खेळ काळापांढराच.

रंग परत आला, चेष्टाही परत आली. शेवटी जेन थॉरच्या मिठीत मरते, सोनेरी कण होऊन उडून जाते. हॉल गंभीर व्हायच्या बेतात होता, पण दीडेक तास हसायची सवय लावलेली. मागून एका पोरानं बोकडासारखी किंकाळी मारली आणि निम्मे लोक हसले. मला राग आला तो पोराचा नव्हे. पुढं २०२४ मध्ये थॉर झालेल्या हेम्सवर्थनं एका मुलाखतीत कबूल केलं, की आपण चेष्टामस्करीत वाहवत गेलो आणि आपलीच नक्कल होऊन बसलो. ते वाचलं तेव्हा मला ती किंकाळी आठवली.

नावं सुरू झाली आणि लोक उठले. मी दार उघडून म्हणत होतो, "अजून आहे, शेवटी आहे," पण पावसाच्या घाईत ऐकतो कोण. नावं संपल्यावर जेन वल्हालात, म्हणजे वीरांच्या स्वर्गात, पोचलेली दिसते, ते बघायला दहा-बारा जण राहिले. चष्मेवाली त्यात होती.

लॉबीत आजोबा नातवाला रेनकोट घालत होते. मला बघून म्हणाले, "पिक्चर बरा हाय. पोरगी मेली तवा हसायला नको हुतं लोकांनी." मग आवाज खाली आणला. "पर तुमचा आपरेटर बदला. चांगला रंग मधीच घालवला त्यानं."

"सांगतो त्याला," म्हटलं.