"छान झालंय" म्हणणाऱ्यांचं काय करायचं

रविवार, रात्री

माझ्या कादंबरीची मावशीकडची कॉपी आज परत आली. लातूरच्या गंजगोलाईतून झेरॉक्स काढून स्पायरल मारलेली, कोपऱ्यावर तेलाचा डाग, आणि आत पेन्सिलीच्या बारीक फुल्या. मी तिला एवढंच सांगितलेलं की मावशी, कादंबरी कशी आहे ते तू मला सांगूच नको, फक्त वाचता वाचता जिथं खाली ठेवलीस तिथं फुली मार, आणि कशामुळं ठेवली ते आठवलं तर शेजारी लिही. तर पान ६१ वर फुली आणि शेजारी लिहिलंय "कुकर". ८८ वर "पाहुणे". आणि मग १०४, १०७, ११२, लागोपाठ फुल्या आणि शेजारी काहीच नाही. ना कुकर ना पाहुणे. मावशी भिडस्त, भाचीला कंटाळा आला असं काही ती लिहिणार नाही, पण फुली मारायची तिथं मारली बिचारीनं. ह्या कादंबरीवर आजवर मला जे काही ऐकायला मिळालं त्यातलं सगळ्यात कामाचं हे, आणि त्यात एक शब्दपण नाही.

१०४ ते ११२ म्हणजे धरणाचा भाग. कादंबरी लातूरची, २०१६ च्या उन्हाळ्याची, पाणी रेल्वेनं आलं त्या वर्षाची. मांजरा धरण आटलं, ऊस, टँकर, नगरसेवक, सगळी माहिती त्या पानांत आहे आणि माझी नायिका तेवढा वेळ नुसती ऐकत बसलीय, मान हलवत. लिहिताना मला ती पानं फार आवडली होती, अजूनही आवडतात, पण तीन फुल्या म्हणजे तीन फुल्या.

"कसं वाटलं?" असं विचारलं की "छान" येणारच, दुसरं काय येणार. आपल्याकडं तोंडावर कोण म्हणणारे की बाई, झोप आली मला. ऑफिसातल्या एकीनं पीडीएफ मागून घेतली, दुसऱ्या दिवशी अंगठा, हार, "छान झालंय, लिहीत राहा". सव्वादोनशे पानं एका रात्रीत वाचली असतील तर धन्य आहे. तिला दोष नाही देत मी, प्रश्नच तसाय. म्हणून आता मी ज्याचं उत्तर "छान" देताच येत नाही असंच विचारते. कुणाचं नाव कुणात मिसळलं? कुठं वाटलं की हे काय पटत नाही बुवा? अर्ध्यावर आल्यावर पुढं काय होईल असं वाटलेलं? आणि सगळ्यात भारी म्हणजे फोन करून म्हणायचं, जरा गोष्ट सांगा की मला, तुमच्या शब्दांत. आमच्या शेजारच्या काकूंनी गोष्ट सांगितली अख्खी, रंगवून सांगितली, आणि त्यात नायिकेचा थोरला भाऊ आलाच नाही. एकदापण नाही. मी मुद्दाम "आणि भाऊ?" असं विचारलं नाही. त्याच्यावर मी दोन आख्खी प्रकरणं खर्च केलीत. आता त्याला काढायचं का जरा वजन द्यायचं ते ठरत नाहीये.

वाचायला कुणाला द्यायचं हा पण घोळ आहेच. घरच्यांना देण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत झालंय, आमचे हे पहिल्या रात्री वाचून म्हणाले, चांगलंय, पण तो बँकेतला चिडका माणूस म्हणजे मी का? जाऊबाईंनी स्वतःला शोधलं आणि नाही सापडल्या म्हणून रुसल्या. आणि एक आमचे सर, मराठीचे, रिटायर्ड, त्यांना मोठ्या आदरानं दिली, त्यांनी लाल पेनानं सगळे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि वर पात्रांच्या तोंडचं "कामून" खोडून "का" केलं, "काय करायलेत पोरं" चं "मुले काय करीत आहेत" केलं. सरांचं खरंच काही चुकलं नाही, समोर कागद आला की तपासायचा, जन्म गेलाय त्यात. पण आता मी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिते, शुद्धलेखन बघू नका, ते नंतर मुद्रितशोधक बघणारे.

पुण्याच्या मैत्रिणीची गंमत वेगळी. मार्च २०१६ मधे आपल्याकडं पाणी भरायच्या जागी १४४ कलम लावलेलं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत म्हणून, हे लातुरातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मावशीनं त्या पानावर फुलीच काय डोळापण नसेल थांबवला. पण मैत्रिणीनं तिथंच कमेंट टाकली, "हे जरा जास्त होतंय, पाण्यासाठी कोण जमावबंदी लावतं, आधी एखादी दंगल दाखव." वाचून असा संताप आला, बातम्यांची कात्रणं काढून पाठवायला निघालेच होते. मग म्हटलं, पुस्तक छापून गेल्यावर प्रत्येक प्रतीसोबत मी थोडीच जाणारे समजावून सांगायला. खरं घडलंय हे पुरत नाही, कागदावर ते खरं वाटावं लागतं. दंगल मी दाखवणार नाही, कारण मला दाखवायचीय ती दंगल नाहीच, पण तिला जिथं टोचलं ती जागा बरोबर आहे, आधीच्या प्रकरणात सगळे पाण्यावर नुसतं बोलतायत, कुणी कुणाची घागर रांगेतून बाजूला सरकवलेली नाही. तेवढं एक आलं, दोन शेजारणी वर्षभर बोलेनाशा झाल्या, की मग कलेक्टरची ऑर्डर आपोआप पचते. तर दुखतंय कुठं ते वाचकाचं मुकाट्यानं ऐकायचं आणि औषध मात्र आपलं आपण शोधायचं, निदान माझ्यापुरतं तरी हे ठरलंय.

रेल्वेत नोकरी केलेले एक काका आहेत, त्यांना मी फक्त स्टेशनचं प्रकरण दिलं, पूर्ण नाही, त्यांना कादंबरी वाचायचा उरक नाही. त्यांनी सांगितलं की १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली ती १० वाघिणींची, म्हणजे पाण्याच्या डब्यांची, साधारण ५ लाख लिटर पाणी, ५० वाघिणींची गाडी नंतर सुरू झाली, तू पहिल्याच दिवशी येवढी लांबलचक कुठून आणलीस? आणि मला एकदम बरं वाटलं कारण आखूड गाडी आणि स्टेशनवर ही एवढी गर्दी, हे माझ्या प्रकरणाला कितीतरी जास्त शोभतंय.

मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन हे संपादक लेखकांकडून परत परत लिहून घ्यायचे असं आपण वाचत आलोय. तसा संपादक मिळणं नशिबाचा भाग. आता बऱ्याच ठिकाणी मजकूर थेट डीटीपीला जातो, त्यामुळं ते काम मावशी, काकू आणि रेल्वेवाले काका यांच्यात वाटून घ्यावं लागतं. ज्येष्ठांना मोबाईलवर पीडीएफ देऊ नये हे पण ह्यात कळलं, छापूनच द्यावं, टाईप मोठा, ओळीत अंतर भरपूर, कडेला लिहायला जागा. झेरॉक्सचा खर्च होतो पण फुल्या मिळतात.

धरणाचा भाग उद्यापासून फोडायला घेणारे. माहिती ठेवायचीय, पण टँकरच्या रांगेतल्या भांडणात वाटून. पण हे बदललेलं मावशीला देऊन उपयोग नाही, तिला गोष्ट माहितीय, ती आता पुढचं माहीत असल्यासारखीच वाचणार, वाचक कोरा एकदाच असतो. म्हणून नांदेडच्या मित्राला मी पहिल्यापासून राखून ठेवलाय, एक पान दाखवलेलं नाही. त्याला वाटतंय मी त्याला वगळलं, परवा एका लग्नात भेटला तर सगळ्यांसमोर म्हणाला, मोठ्या लेखिका झाल्यात आता, आम्हाला कशाला दाखवतील.