बझकॉक्स, 1979: दुसरी बाजू आधी

रविवार, पुणे

दिवसभर पावसाची झड. खिडक्या लावून घेतल्या की बझकॉक्स हा पंक बँड मोठ्या आवाजात ऐकता येतो. आज त्यांचा 'अ डिफरन्ट काइंड ऑफ टेन्शन' हा अल्बम. मार्च 1978 ते सप्टेंबर 1979 एवढ्यात या मँचेस्टरकरांचे तीन अल्बम निघाले, त्यातला हा शेवटचा. 1981 मध्ये बँड फुटला, आणि पुढचा अल्बम यायला 1993 उजाडलं.

घाई रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर कळते. तिथे पीट शेली आणि स्टीव्ह डिगल या बँडमधल्या दोन गायक-गिटारवादकांची गाणी तीन-तीन, एकमेकांत मिसळलेली. 'यू से यू डोन्ट लव्ह मी' हे शेलीच्या उत्तम गाण्यांपैकी एक, पण त्याच्या मागेपुढे डिगलचा खरखरीत आवाज येतो आणि सूर जमतच नाही. 'यू नो यू कान्ट हेल्प इट' तर मला निव्वळ भरतीचं वाटतं. डिगल कच्चा नव्हता, त्याच वर्षीचं 'हार्मनी इन माय हेड' त्याचंच.

दुसरी बाजू सगळी शेलीची, आणि तिथे अल्बम एकदम घट्ट होतो. 'आय बिलीव्ह' सात मिनिटांचं. आधी माणूस आपण काय काय मानतो ते सांगत जातो, मग जगात प्रेम उरलं नाही ही एकच ओळ धरतो आणि सोडतच नाही. त्यामागून 'रेडिओ नाइन', मिनिटभरसुद्धा नाही.

इथल्या जॅमरूममध्ये (बँडच्या सरावाच्या खोलीत) 'आय बिलीव्ह' बसवणाऱ्यांनी शेवटची दोन मिनिटं आधी बसवावीत. सगळे स्ट्रोक खालच्या दिशेने मारताना मनगट भरून येतं, मग हात नकळत खाली-वर चालायला लागतो आणि गिटारचा आवाज पातळ होतो. ड्रमर तर हमखास पळतो; त्याच्या कानात मेट्रोनोम हवाच. छोट्या खोलीत दोन्ही गिटारवर गेन (ॲम्पवरची आवाज फाटवणारी कळ) चढवला की नुसता गोंगाट होतो. गेन अर्ध्याच्या खाली, बेस कमी, मिड (मधले स्वर) वर, आणि दोन ॲम्प समोरासमोरच्या भिंतींना. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

काही नव्या आवृत्त्यांत 'रेडिओ नाइन'नंतर जादा गाणी जोडलेली असतात. ती वेगळी ऐकावीत, नाहीतर शेवट वाया जातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सरळ सातव्या गाण्यापासून सुरुवात करावी, शफल बंद ठेवून.