तुम्ही विचारलंत म्हणून: भोळा नायक आणि नेवऱ्यांचा डबा

माझ्याकडून जाडजूड फॅन्टसी कादंबऱ्या नेणारे परत करताना हमखास विचारतात, "सर, जग वाचवायला दरवेळी काही न कळणारा पोरगाच कसा सापडतो? एखादा जाणता माणूस मिळत नाही?" परवा चोडणच्या फेरीबोटीवर तुम्हीही तेच विचारलंत. माझं उत्तर अर्ध्यावर होतं तोवर रायबंदरचा धक्का आला.

एक उत्तर सरळ आहे. वाचकही त्या जगात नवखाच असतो, तेव्हा त्याच्या वतीनं "हे काय?" विचारणारा कुणीतरी लागतो. पण भोळेपणा काही सगळ्यांचा सारखा नसतो.

डेव्हिड एडिंग्जच्या 1982 साली सुरू झालेल्या मालिकेतला गॅरियन शेतावरच्या स्वयंपाकघरात वाढतो. तिथं स्वयंपाक बघणारी त्याची पोल मावशी हजारो वर्षं जगलेली जादूगारीण आहे आणि अधूनमधून उगवणारा गोष्टीवेल्हाळ म्हातारा तिचा बाप. दोघंही हे त्याच्यापासून लपवतात. म्हणजे हा भोळेपणा मोठ्यांनी मुद्दाम राखलेला. सत्य कळल्यावर पोरगा भडकतो, आणि माझ्या मते रास्तच भडकतो.

लॉइड अलेक्झांडरचा तारन (पहिलं पुस्तक 1964) मला जास्त जवळचा. त्याला तलवार घडवायची असते आणि बसवलेलं असतं घोड्याचे नाल करायला. हुद्दा काय, तर सहायक डुक्करपाल! भविष्य सांगणारी डुकरीण पळते आणि हा तिच्यामागं रानात शिरतो. वीर म्हणजे काय, याबद्दलच त्याची समजूत कच्ची आहे. पुढं चौथ्या पुस्तकात तो लोहार, विणकर, कुंभार अशा तिघांकडे हात चालवून बघतो. मातीकामात त्याचा जीव गुंततो, पण ती कला काही आपल्या हातात नाही, हेही त्याला तिथंच कळतं. मास्तरकीत मी अशी मुलं पुष्कळ पाहिली, म्हणूनही असेल, पण ते प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो.

आणि टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला फ्रोडो तर पोरगाच नव्हे! शत्रूची जादूची अंगठी मिळाली तेव्हा तेहतीस वर्षांचा, घर सोडलं तेव्हा पन्नाशीचा. ती अंगठी आगीत टाकून नष्ट करायची, असं ठरतं त्या सभेत सगळं ऐकून घेतो, रस्ता ठाऊक नाही हे कबूल करतो आणि तरी अंगठी न्यायला तयार होतो. अशा बारक्या माणसाकडे शत्रूचं लक्ष जाणार नाही, हा त्यातला हिशेब.

तोच हिशेब आमच्या आजीनं केला होता. मी दहा वर्षांचा. चवथ नुकतीच झालेली. तिनं पितळी डबाभर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, देऊन मला एकट्याला फेरीनं मामाकडे पणजीला धाडलं. "मामाच्याच हातात दे," एवढंच म्हणाली. बोटीत कठड्याला टेकून मी वरच्या दोन नेवऱ्या खाल्ल्या आणि पोट भरलं म्हणून थांबलो. तळाशी, केळीच्या पानाखाली, फडक्यात तिच्या पाटल्या होत्या. मामानं त्या शेटाकडे गहाण ठेवल्या. मला आईनं हे सांगितलं तेव्हा मी पंचविशीत होतो. पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, ठाऊक असतं तर डबा छातीशी कवटाळून, पांढऱ्या चेहऱ्यानं बसलो असतो आणि अख्ख्या बोटीला कळलं असतं. पोल मावशीवरचा माझा राग त्या दिवशी जरा उतरला.

तिघांत मी फ्रोडोला वर ठेवतो, तो शेवटासाठी. गॅरियन आणि तारन दोघंही राजे होतात. फ्रोडो ज्वाळांच्या काठावर उभा राहतो आणि अंगठी टाकतच नाही, "माझी" म्हणतो. त्या अंगठीला हपापलेला गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट खाली पडतो, म्हणून काम फत्ते होतं. घरी परतल्यावर सगळं जागच्या जागी असतं, असं नाही. आणि जे सावरलं जातं त्यातही फ्रोडो रमत नाही. अखेर जहाजात बसून निघून जातो. इतकं चाललेल्या माणसाला हरू देण्याची छाती फार थोड्या लेखकांत असते.

फ्रोडोच्या गोष्टीचा तिसरा खंड मागितला होतात ना? तो सध्या शेजारच्या आठवीतल्या मुलाकडे आहे. परवा डोकावलो तर खुणेची चिठ्ठी निम्म्यावर होती. भेटला तर शेवटाबद्दल त्याच्याकडे काही बोलू नका.